उंदराच्या मेंदूवर आईचं रक्त

आईनं कप दिला, पण माझ्या हातात न्हाई, हाताच्या शेजारी दिला. तिथं नुसती हवा व्हती. तिनं बोटं सोडली, कप खाली गेला आणि च्या माझ्या पायावर सांडला. मी वरडले, "आंधळी हायस का काय?" आणि तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती माझ्याकडं बघतच नव्हती. जिथं तिनं कप सोडला त्या हवेकडं बघत व्हती. तिथं माझा हात असायला पायजे व्हता आणि तो न्हाई, मीच ऐनवेळी काढून घेतला, असं काहीतरी तिच्या तोंडावर व्हतं. मग ती फडकं घेऊन खाली बसली. फडकंबी आधी च्याच्या शेजारी पडलं, कोरड्या फरशीवर, आणि तिथनं हळूहळू सरकत ओल्यापतुर गेलं. हे मी बघितलं. मला सगळं दिसतं, त्यानंच माझं डोकं फिरतं. दुसरं कुणी असतं तर म्हणलं असतं, दमली असंल. पण मी भाजल्याल्या पायावर पाणीबी न घालता तिच्याकडंच बघत राह्यले.

कारण माझी आई, सुलाबाई, कधी चुकायची न्हाई. सांगलीत शंभरफुटी रस्त्याच्या मागं जेवढ्या बिल्डिंगा उभ्या राह्यल्या, त्यातल्या निम्म्यांच्या स्लॅबवर तिच्या डोक्यावरनं माल गेलाय. आबा, माझं वडील, मी तिसरीत असताना वारलं, तवापास्नं ती बिगारी. मी वाळूच्या ढिगावर बसून बघत राहायची. फळी लावल्याली असायची, तिरपी, एका माणसापुरती, खाली मोकळं. डोक्यावर घमेलं, घमेल्यात ओला माल, आणि ती वर जायची ती हात न लावता. मान हालायची न्हाई. मानेच्या खाली सगळं हालायचं, कंबर, गुडघं, फळी पण, पण मानेच्या वर सगळं थांबल्यालं. हिंदुराव मुकादम नव्या बायकांना म्हणायचा, "सुलाबाईकडं बघा गं, हिला अंगातच गवंड्याची पाणपातळी बसवून दिलीया." तवा मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना असं येत असंल.

कपाचं झालं आणि मग मी मोजायला न्हाई पण टिपायला लागले. ती पाय फाकवून चालायला लागली, ओल्या मातीत चालतात तशी. कुलपाला किल्ली लावताना किल्ली कुलपाभवती फिरायची. बोलणं जड झालं, शब्द जिभेला चिकटून मग सुटायचा. मी विचारलं की म्हणायची, "काय न्हाई... इशे, ऊन... लागलंय." डबा घेऊन मी साइटवर गेले त्या दिवशी ती फळीच्या तोंडाशी उभी व्हती आणि फळीवर पाय ठेवत नव्हती. हिंदुराव वरनं वरडला, "काय सुलाबाई, सकाळ सकाळ घेऊन आलीस व्हय?" बाया हसल्या. माझ्या हातात काय आलं बघितलंबी न्हाई, विटेचा तुकडा व्हता, तो मी भिरकावला, तो त्याच्या खांद्याला लागला.

"ए कार्टे! डोकं फिरलंय का तुझं?"

"माझी आई पिती व्हय रं? पिती व्हय?"

"मग सरळ चालून दाव म्हणावं की तिला!"

आणि ती चालायला लागली. हेच मला अजून कळत न्हाई, ती का चालली. कुणी म्हणलं म्हणून कधी काही करणारी बाई न्हवं ती. सगळ्यांच्या म्होरं तिनं पदर खोचला, नजर समोर धरली, माल घेऊन जाताना धरायची तशीच, आणि पाऊल टाकलं. पाऊल एकीकडं गेलं, ती एकीकडं गेली. दुसरं पाऊल तिला धराय धावलं आणि तेबी चुकलं. नदीत नाव सोडल्यावर कशी बाजूबाजूनं जाती, तशी जाऊन ती वाळूच्या ढिगावर बसली. मग कुणी हसलं न्हाई. हिंदुराव खाली आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, खांदा चोळायचाबी विसरला. मला म्हणला, "पोरी, हिला दवाखान्यात ने. ही दारू न्हवं. दारूत माणूस तोल गेल्यावर हसतंय तरी."

मी घरीच असायची, न्यायला दुसरं कोण व्हतं. नववीत शाळा सुटली माझी, म्हणजे सोडली. गणिताचे सर सगळ्या वर्गात म्हणले, तुमाला काय, नापास झाला तरी सरकार हायच. मी फळ्यावर व्हते, हातात डस्टर व्हतं. ते सरांकडं गेलं. पालकांना घेऊन ये म्हणले. मी आईला कामावरनं उठवून त्या माणसापुढं उभी करणार नव्हते, म्हणून मीच जायची बंद झाले. तवापास्नं मी सांगली पायानं पाठ केली. आयर्विन पूल, गणपती पेठ, हळदीची गोदामं, स्टँडच्या मागच्या गल्ल्या. पायाला थारा न्हाई म्हणायची आई. आता तिच्याच पायाला थारा नव्हता आणि मी तिचा दंड धरून मिरज रोडच्या ट्रस्टच्या दवाखान्यात चालले व्हते.

डोक्याचा मोठा फोटो काढला, तो कोरा आला. डोक्यात काही न्हाई म्हणले. एक डॉक्टर म्हणले मनाचं असंल, आणि मी तोंड उघडायच्या आधी आईनं माझा हात दाबला, तोबी मनगटावर न्हाई, कोपरावर. मग आमाला मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं, नीलिमा मॅडम. वाळल्याली बाई, चष्म्याला दोरी, पांढऱ्या कोटाच्या खिशात भाजल्यालं शेंगदाणं, मधनंच एक तोंडात टाकायच्या. त्यांनी आईला म्हणलं, सुलाबाई, माझ्या बोटाला हात लावा, मग तुमच्या नाकाला. आईचं बोट निघालं, मधी थरथरलं, नाक सोडून गालावर गेलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं, पुन्हा गालावर. त्यांनी आईच्या डोळ्यात बघितलं. आईची बुबुळं जागेवर राहत नव्हती, खाली ओढल्यासारखी जायची आणि टुणकन वर यायची. "तुम्हाला सगळं नाचताना दिसतं का?" आईनं मान हालवली. मला तिनं हे सांगितलं नव्हतं. इतके दिवस तिच्यापुढं मीबी नाचत व्हते आणि तिनं सांगितलं नव्हतं.

मग मॅडम एकदम पोटाचं विचाराय लागल्या. पाळी कशी येते, मधे अंगावरून जातं का, पोट फुगल्यासारखं वाटतं का. मला संताप आला.

"आवं मॅडम, डोसक्याचं दुखणं हाय. पोटात कशाला शिरताय?"

"तुझं नाव काय?"

"विशाखा."

"विशाखा, शेंगदाणे घे. आणि दोन मिनिटं मला रागावू नकोस, मग खुशाल रागव."

मी घेतलं न्हाई. पण ऐकलं. त्या म्हणल्या, बायकांच्या पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजांडकोश असतात, बदामाएवढे. तिथं कधी कधी कॅन्सरची गाठ होते. इतकी बारकी की कुठल्या मशीनला दिसत नाही. पण शरीराला दिसते. शरीर तिच्यावर शिपाई सोडतं, रक्तातले. आता गंमत अशी, त्या गाठीच्या अंगावर जसा शर्ट असतो, अगदी तसाच शर्ट लहान मेंदूतल्या काही पेशींच्या अंगावर असतो. लहान मेंदू म्हणजे हा, मानेच्या वर, मागं. तोल तोच धरतो. शिपाई गाठीला मारतात आणि मारता मारता वर जातात, तिथं त्याच शर्टाची माणसं बघतात, त्यांनाही मारतात. "कोणाकोणाच्यात असं होतं. फार थोड्यांच्यात. मी चार वर्षं तेच बघते आहे. पोटाच्या बायका एका वॉर्डात, चक्करच्या बायका दुसऱ्या वॉर्डात, आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांना फक्त जेवणाच्या सुट्टीत भेटतात."

"म्हणजे आईलाच आई मारती?"

"वाचवायला गेली. वाचवलंही असेल. फक्त चुकली."

सोनोग्राफी केली, ती कोरी. मॅडमनी आईचं रक्त घेतलं, म्हणल्या, याच्यावरनंच कळेल, चार-सहा दिवसांनी या. आईला घरी सोडून मी पुलावर गेले. दुपारची वेळ, खाली कृष्णा, पाणी थोडंच व्हतं, पुलावरनं सायकली, गुळाची गाडी, कॉलेजच्या पोरी. मी कठड्याला टेकून सगळ्यांच्या मानांकडं बघत राह्यले. मानेच्या वर, मागं. प्रत्येकाच्या आत ते बसलंय, लिंबाएवढं का मोठं, आणि त्यावर सायकल चालतीया, डोक्यावर पाटी राहतीया, कप हातात जातोय. कुणाला ठावं न्हाई. आणि प्रत्येकाच्या रक्तात शिपाई फिरत्यात, आत्ता, ह्या उन्हात, कुणीतरी बारीकसं कुठंतरी चुकल्यालं शोधत. माणूस शेंगा खात पुलावरनं चाललाय आणि त्याच्या आत लढाई चाललीया, आणि तो जिंकतोयबी, त्याला ठावंबी न्हाई. मला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डस्टर हातातच राह्यलं असतं का, ठावं न्हाई. मला माझ्याच मनगटाची भीती वाटली आणि नवलबी वाटलं. आजपतुर हे शरीर मी फुकटचं समजून वापरलं, दगडासारखं इकडं तिकडं फेकलं.

घरी आले तर आजी नव्हती. आजी म्हणजे आईची आई, अंबूबाई, औंधाजवळच्या वस्तीवर राहायची, आई पडल्यावर सांगलीला येऊन राह्यल्याली. आई म्हणली, गावाकडं... गेलीया, उद्या... येती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं आली. दारात पाय धुताना मी बघितलं, तिच्या पदराच्या टोकाला लाल डाग, आणि पिशवीतनं नारळाची शेंडी. आमच्या घरात नारळ फक्त कालवणात.

"आजे, कुठं गेल्तीस?"

"घराकडं. कुलूप बघाय."

"कुलपाला कुंकू लावलंस व्हय?"

ती पाय धुतच राह्यली, धुतल्यालं पाय पुन्हा धुतलं. मी पिशवी वढली. खण, सुपारी, हळदकुंकवाची पुडी. औंधच्या यमाईची ओटी. आमच्या वस्तीत शेजारच्या बायका कुजबुजत्यात हे मला ठावं व्हतं, देवी सोडली म्हणून देवीनं पोरीचं पाय सोडवलं म्हणून. मी त्यातल्या एकीला नळावर झाडलं व्हतं. आणि आता ही. जी आमाला भाताचा घास तोंडात जायच्या आधी जयभीम म्हणायला लावती ती.

"तू? तू गेलीस? चाळीस वर्सांनी?"

"पायरी चढले न्हाई मी," आजी म्हणली. "खालीच हुबी राह्यले. वर बघितलं. लय पायऱ्या हायत्या. म्हनलं, एवढ्या लांबनं तिला काय वळकू येनार न्हाई मी. म्हातारी झाले. ओटी घेऊन तशीच परत आले."

हसावं का रडावं मला कळंना. मी पिशवी फेकली, सुपारी खोलीभर गेली. आणि आतनं आईचा आवाज आला, जड, एकेक शब्द वढत. "आई... माझ्यासाठी... तू कुनाफुडं... वाकू नगस."

तवा आजी खाली बसली आणि बोलली ते मी पहिल्यांदा ऐकलं. छप्पन साली ती नागपूरला दीक्षेला गेल्ती, हे ठावं व्हतं. रहिमतपुरास्नं गाडीत बसून, नणंदंचं पांढरं लुगडं नेसून. पण तवा ती गरवार व्हती, सहाव्या महिन्यात, हे कुणी बोललं नव्हतं. आई पोटात व्हती. माणसांच्या त्या समुद्रात दोन्ही हात पोटावर ठेवून हुबी राह्यली, कुनी ढकललं तर म्हणून. परत आल्यावर घरातलं देव, टाक, सगळं फडक्यात बांधून येरळा नदीत सोडलं, तेबी तिनंच, सासरा धजला न्हाई म्हणून. "मी गुडघाभर पान्यात. पोट म्होरं. गठुळं सोडलं आनि ही आतनं लाथ मारली. जोरात. तवाच माझ्या मनात आलं, हिला आवडलं न्हाई. चाळीस वर्सं ते मनात हाय, सुले. देव मी बुडवलं, भोग तुला आला."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ वाजत व्हता. मग आई म्हणली, "आई... आवडलं म्हनून बी... लाथ मारत्यात... प्वारं." आणि तिच्या त्या नाचत्या डोळ्यांनी आजीला शोधत राह्यली.

मॅडमकडं आमी तिघीबी गेलो. मॅडमनी खुर्ची पुढं वढली, आज शेंगदाणं नव्हतं. त्या सरळच म्हणल्या, रक्त बोललं. गाठ आहे, बहुतेक बीजांडकोशात. पोट उघडून दोन्ही बीजांडकोश आणि पिशवी काढावी लागेल. गाठ काढली नाही तर एक दिवस ती शिपायांच्या हाताबाहेर जाईल. "मी तुमच्यापासून लपवत नाही. मशीनमध्ये काही दिसलेलं नाही. बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांनी अशा बायकांची पोटं उघडली, त्यांना आत गाठ सापडली, ते मी वाचलं आहे. मी स्वतः असं पहिल्यांदाच करायला सांगते आहे. माझं चुकू शकतं."

"चुकलं... तर?"

"तर तुमचं पोट उगाच फाडलं गेलं."

आजी मधेच उठली. मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणली, "बाई, एक सांगा. ही माझ्या पोटात असताना मी देव बुडवलं. त्यानं झालंय का हे?" मला वाटलं मॅडम हसतील, मी तयारच व्हते भांडाय. पण त्या हसल्या न्हाईत. विचाराय लागल्या, कितवा महिना? सहावा. नक्की? नक्की, मॅडम, दसऱ्याचा दिस, आनि ही जानेवारीत झाली. मॅडमनी चष्मा काढला.

"आजी, त्यानं काही झालेलं नाही. पण एक सांगू का. पोटातली मुलगी सहा महिन्यांची होते ना, तेव्हा तिच्या बीजांडकोशात तिची सगळी बीजं तयार झालेली असतात. जन्माला यायच्या आधीच. पुढं आयुष्यभरात नवीन एक होत नाही. म्हणजे तुम्ही नागपूरला उभ्या होता, तेव्हा सुलाबाई तुमच्या पोटात होत्या. आणि सुलाबाईंच्या पोटात ही." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ज्या बीजापासून ही विशाखा झाली ते बीज तेव्हा तिथं होतं."

मला खुर्ची हालल्यासारखी वाटली. आईला रोज असंच होत असंल. मी एक्क्याऐंशीला जन्मले. मी वाळूच्या ढिगावर बसायची, त्याच्या आधी मी काही नव्हते, असं धरून मी सोळा वर्सं जगत व्हते. आणि ही बाई म्हणती मी छप्पन साली त्या मैदानात व्हते. सगळी मान्सं पांढऱ्या कपड्यात हुबी, पुढं एक आवाज, त्याच्यामागनं सगळ्यांचा आवाज, आणि त्या गर्दीत एका बाईच्या दोन हातांच्या खाली एक पोरगी, त्या पोरीच्या आत एक बदाम, बदामात मी. धुळीच्या कणाएवढी. येरळंच्या गार पाण्यापासनं हातभर वर. मला नाव नव्हतं, शाळा नव्हती, मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. आणि ज्या जागी मी पंचवीस वर्सं वाट बघत राह्यले, त्याच जागी आता गाठ बसली व्हती. आजी तोंडाला पदर लावून नुसती माझ्याकडं बघत व्हती, वरनं खालपतुर, जशी काय मी आत्ताच गाडीतनं उतरले.

आईच पहिली बोलली. "मॅडम... रगत बोललं... म्हनताय. मला... दावा."

मॅडम आमाला आत घेऊन गेल्या. पूर्वी चादरी ठेवायची खोली असंल, खिडकीला काळं कापड ठोकल्यालं. मधी एक दुर्बीण, तिच्या मागं गुरगुरणारं दिव्याचं खोकं. त्यांनी सांगितलं, उंदराच्या लहान मेंदूची पातळ चकती काचेवर ठेवलीये, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तिच्यावर आईच्या रक्ताचं पाणी घातलंय. शिपाई जिथं चिकटले असतील तिथं चमकणारा रंग बसतो.

"उंदराचा मेंदू?" आजी म्हणली. "आमच्या पोरीच्या तोलाचा इनसाफ उंदीर करनार?"

"आजी, त्यालाही भिंतीवरनं चालायला तोल लागतो."

आईला स्टुलावर बसवलं, डोकं पुढं धरलं. ती लय वेळ बघत राह्यली. मग मागं सरली. म्हणली, दिसत न्हाई, सगळं पळतंय. तिनं पुन्हा डोळा लावला, दातावर दात दाबून, फळीवर चढताना करायची तसं तोंड करून. तिला जे बघायचं व्हतं ते तिच्याच डोळ्यात ठरत नव्हतं, आणि तेच तर तिला बघायचं व्हतं, ते का ठरत न्हाई. तिसऱ्या खेपेला तिनं डोळा काढला आणि अंधारात हात पुढं केला. माझा हात तिथं नव्हता, मी तो तिथं नेला.

"इशे... तू बघ. तू... तोंडावर बोलतीस. दिसंल... ते सांग. न्हाई दिसलं... तर न्हाई म्हन. मग मी... ठरवती."

खोलीत फक्त त्या खोक्याचा आवाज. मॅडम काही बोलल्या न्हाईत, मला शिकवलं न्हाई काय दिसायला पायजे ते. मी डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग काळं. काळ्यात मॅडमचा हात कुठंतरी चाक फिरवत व्हता. आणि मग ते वर आलं. हिरवं. अंधारात एका ओळीत गाडगी मांडल्यासारखी गोल, पोटफुगी, एकेक हिरवी पेटल्याली, आणि प्रत्येकीच्या तोंडातनं बारीक फांद्या निघून वर पसरल्याल्या, त्यापण उजळत गेल्याल्या, पार टोकापतुर. चौदा एप्रिलला वस्तीत लायटीच्या माळा सोडत्यात तशी ओळ, वळणं घेत गेल्याली. तिच्या मागं दुसरं वळण. बाकी सगळं काळं. दुसरं काहीबी पेटलं नव्हतं, तेवढंच. आईच्या रक्तानं इतक्या सगळ्यांतनं नेमकं तेवढंच वळखून धरलं व्हतं, उंदराच्या मेंदूतसुद्धा. मरणाऱ्याला इतकं सुंदर दिसायचा काय अधिकार हाय, असं माझ्या मनात आलं आणि मला राग यायच्या ऐवजी अंगावर काटा आला. मी कुणासमोर कधी मान वाकवली न्हाई, आणि तिथं मी वाकूनच व्हते, मला उठूच वाटंना.

"इशे?"

"हाय," मी म्हणलं. माझा आवाज मला वळखू आला न्हाई. "आई, हाय. हिरवं. लय हाय. ओळीनं हायत. झाडासारख्या फांद्या हायत, फांदीच्या टोकापतुर पेटल्यात. तुझं रक्त त्यांना सोडून कुणाला शिवलंबी न्हाई."

"खरं?"

"तुझ्या गळ्याशप्पत न्हाई म्हणत. नुसतंच खरं."

आई सरळ बसली. दुर्बिणीकडं तोंड करून, बघता येत नव्हतं तरी. मग म्हणली, "मग... फाडा."

ऑपरेशनच्या दिवशी आजी आणि मी बाहेर बाकावर व्हतो. आजीच्या ओठात त्रिसरण चाललं व्हतं, बुद्धं सरणं, धम्मं सरणं, पुन्हा पहिल्यापासनं. मी जिन्यावर खालीवर करत व्हते. मॅडम कापत न्हाईत, पण त्याबी आत गेल्त्या, बघाय. दार उघडलं तवा त्याच बाहेर आल्या, डोक्याला हिरवी टोपी, आणि त्यांच्या तोंडावरनं मला काही वाचता येईना. त्या म्हणल्या, वरनं दोन्ही चांगले दिसत होते. गुळगुळीत. सर्जन माझ्याकडं बघाय लागले. मग डाव्या बाजूचा चिरला. आत होती. जोंधळ्याच्या दाण्याएवढी. त्या भिंतीला टेकल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या, मग खिशात शेंगदाणं शोधाय लागल्या, ऑपरेशनच्या कपड्यांना खिसाच नव्हता. मी त्यांना विचारलं ते मला विचारायचंच व्हतं, आधीपासनं. आता आईचा तोल परत येईल का. त्यांनी डोळं पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या, म्हणल्या. त्या परत येत नाहीत. गाठ काढली म्हणजे पुढचं जळायचं थांबेल, बहुतेक. थोडंफार सुधारेल. फळीवर नाही चढणार ती.

तिसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली. उन्हाचा पट्टा तिच्या पायावर. आजी खाली पाणी आणाय गेल्ती. आई म्हणली, "गावलं?"

"गावलं."

"केवढं?"

मी माझ्या करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. तिनं ते धराय बोट पुढं केलं, ते माझ्या तळहातावर आलं, तिनं तिथंच ठेवलं. ती हसाय लागली आणि टाके दुखले म्हणून पोट धरलं. "एवढंसं... आनि एवढं... लष्कर." मग तिचं हसणं हळूहळू थांबलं. तिनं खिडकीकडं तोंड केलं. समोर एका बिल्डिंगीचं काम चाललं व्हतं, परातीचा आवाज येत व्हता.

"इशे. मला... आता... चालाय येईल?"

आजी असती तर म्हणली असती, येईल की गं. हिंदुराव म्हणला असता. वॉर्डातली नर्स सकाळीच म्हणली व्हती. माझ्या तोंडात पण तेच आलं, व्हय म्हणून, इतकं सोपं व्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बोलावं वाटलं. पण त्या काळ्या खोलीत तिनं माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवून पोट फाडा म्हणलं व्हतं.

"न्हाई," मी म्हणलं. "धरून चालशील. भिंत धरून, मला धरून. मोकळी न्हाई चालायचीस. पण दुखणं हितनं पुढं जायचं न्हाई. मरायची न्हाईस, बहुतेक. बहुतेक असं मॅडम म्हणल्या."

ती लय वेळ खिडकीकडं बघत राह्यली. खिडकी तिच्या डोळ्यात नाचत असणार, बिल्डिंगबी, परात वर न्हेणारी बाईबी. मग म्हणली, "बरं." आणि पाय खाली सोडले. "धर."

मी तिचं मनगट धरलं. ती उठली, डुलली, माझ्या अंगावर आली, सावरली. माझा अंगठा तिच्या नाडीवर पडला व्हता. आत ठोका येत व्हता, एकामागनं एक, न थांबता, आणि मला ठावं व्हतं त्यातनं ते शिपाई फिरत्यात. आमी दोघी तिथंच हुब्या राह्यलो. तिला दम खायचा व्हता, आणि मला बोट काढवत नव्हतं.